डाळिंबातल्या निमॅटोडवर (मुळीत शिरून गाठी करणारी बारीक सूत्रकृमी) लवंग तेल, ओवा तेल कुणी वापरलंय का?

माळरान_सांगोला:
डाळिंबाची भगवा जात, तिसरं वर्ष. झाडं पिवळी पडतायत, दुपारी माना टाकतात. काल ड्रिपरखाली वीतभर उकरलं तर पांढऱ्या मुळीला साबुदाण्यासारख्या गाठी. दुकानदार लवंग-ओव्याच्या तेलाचं 'नैसर्गिक' औषध देतोय, ड्रिपने सोडा म्हणतो. बाटली महाग आहे. बहार धरायच्या आत ठरवायचंय.

रानवेडा:
दुकानदार अगदीच खोटं बोलत नाही. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल यांनी काचेच्या बशीत निमॅटोडची पिल्लं मरतात. पण बशीत माती नसते, दादा! जमिनीत तेल मातीला नि शेणखताला धरून बसतं, उरलेलं उडून जातं. शिवाय मादी गाठीच्या आत, अंडी चिकट पुंजक्यात. तिथवर ते पोचणार कसं? ऊन असलं की महिन्याभरात पुढची पिढी हजर.

वांगीवाली:
माझा उद्योग ऐका. लवंग तेल भांड्याच्या साबणात फेटून वांग्याच्या रोपांना आळवणी केली (बुडाशी ओतलं). बादलीत तवंग वरच राहिला. पहिल्या ओळींना नुसतं पाणी मिळालं, शेवटच्या ओळीला तेलच तेल. ती ओळ तीन दिवसांत करपली. बाकीच्यांच्या गाठी जशाच्या तशा.

माळरान_सांगोला:
ताई, तुमची ओळ गेली पण आमची बाग वाचली म्हणायची 🙏 मग करू काय?

रानवेडा:
तेल घ्यायचंच तर इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ) असलेलं, नि आधी पाचच झाडांना. खरा पैसा निंबोळी पेंडीत घाला. पॅसिलोमायसिस (नवं नाव पर्प्युरिओसिलियम, डब्यावर बहुधा जुनंच असतं) शेणखतात मुरवून ओलाव्यात द्या. ही बुरशी अंडीच खाते. त्याच्या मागेपुढे बुरशीनाशक सोडू नका, नाहीतर तीच मरेल. आणि झाडांच्या बाजूने आफ्रिकन झेंडू लावा, त्याच्या मुळातलं रसायन निमॅटोडला मारतं.

त्याआधी एक काम. सगळ्यात मलूल झाडाचं खोड बुडाशी चिरून बघा. आत काळपट-तपकिरी पट्टा दिसला तर मर (झाड वाळवणारा बुरशीचा रोग) लागलीय. गाठींच्या जखमेतून ती बुरशी आत शिरते, मग नुसत्या निमॅटोडचा इलाज पुरत नाही. तसं दिसलं तर मुळी-माती घेऊन सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रात जा.

माळरान_सांगोला:
उद्याच चिरतो. झेंडूची फुलं दसऱ्याला विकली तर चालतील ना?

वांगीवाली:
फुलं खुशाल विका. झाडं उपटू नका, काम मुळ्यांचं आहे.