सही झाल्यावर करार दाखवून काय उपयोग?
वर तुम्ही लिहिलंय, ‘विमान कंपनी टिकायची तर कामगारांनी थोडं सोसावं, युनियनच्या पुढाऱ्यांना कशाला शिव्या घालता?’ सोसायला कुणाची ना नाही हो. माझा मिरजेचा मावसभाऊ मुंबई विमानतळावर बॅगा चढवतो. कोविडात पगार कापला तेव्हा ही पोरं एका शब्दानं बोलली नाहीत. राग आहे तो युनियनच्या पुढाऱ्यांनी नंतर कंपनीशी केलेल्या कराराचा. रात्रपाळीचा भत्ता गोठवला, ओव्हरटाइमचा दर उतरवला, आणि त्यांना कळलं कधी? सह्या होऊन कागद बोर्डावर लागल्यावर. तोही इंग्रजीत. त्यानं फोटो पाठवला, मी सांगलीत बसून फोनवर एकेक कलम समजावून सांगितलं.

अमेरिकेत असा मसुदा सभासदांच्या मतदानाला जातो. अलास्का एअरलाइन्सच्या केबिन क्रूनं ऑगस्ट २०२४ मध्ये तो ६८ टक्के मतांनी फेटाळला. पुन्हा बोलणी झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये नवा करार ९५ टक्क्यांनी मंजूर झाला. म्हणजे ‘नाही’ म्हटल्यानं कंपनी बुडाली नाही.

आपल्याकडं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, झालेला करार युनियनचा सभासद नसलेल्यालाही बांधायचा, पण सहीआधी कामगारांचं मत घ्यायची सक्ती नव्हती. आपल्या भागातल्या साखर कामगारांना विचारा, वेतन कराराची बोलणी पुण्या-मुंबईत होतात आणि त्यांना बातमी पेपरातून कळते.

भावानं आता सहकाऱ्यांच्या सह्या गोळा करायला घेतल्यात. मागणी एवढीच, की पुढचा मसुदा आधी मराठीत द्या, गेट मीटिंग घ्या आणि गुप्त मतदान करा. युनियनची वर्गणी दर महिन्याला पगारातून कापली जाते, मग एवढं मागायचा त्यांना पुरेपूर हक्क आहे.