मदत हवी आहे: ॲपल क्रंबलमध्ये ब्रॅम्लीसोबत कोणती सफरचंदं घालू?

नमस्कार मंडळी,
मी नॉटिंगहॅमला असते. जानेवारीत सासू-सासरे साताऱ्याहून येतायत, त्यांना इथल्या थंडीत ओव्हनमधून काढलेलं गरमागरम क्रंबल (फळांच्या फोडींवर मैदा-बटर-साखरेचा चुरा पसरून भाजलेला गोड पदार्थ) खाऊ घालायची फार इच्छा आहे. सासूबाई अंडं खात नाहीत आणि क्रंबलला अंडं लागतच नाही, म्हणून हेच ठरवलं.

सफरचंदं ब्रॅम्लीच घ्यायची आहेत. हे झाड इथून जवळच साउथवेलला १८०९ मध्ये एका मुलीने पेरलेल्या बीपासून उगवलं, त्यामुळे मला त्याचं विशेष प्रेम. पण ब्रॅम्लीत आम्ल भरपूर, शिजलं की पार गाळ होतो. चव अप्रतिम, पण दाताखाली फोड येत नाही, आणि सुटलेला रस वर चढून चुरा खालून ओला राहतो.

माझं प्रमाण: २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड बटर, १०० ग्रॅम डेमेरारा (जाड दाण्याची तपकिरी) साखर, मूठभर ओट्स. १८० अंशावर साधारण ४० मिनिटं.

निम्मी ब्रॅम्ली आणि निम्मी ब्रेबर्न किंवा कॉक्स घातली तर फोडी टिकतील ना? फोडी आधी बटरवर परतून रस आटवावा, की थोडं कॉर्नफ्लोअर पुरे? साखरेऐवजी किसलेला गूळ चुऱ्यात कुणी वापरलाय का? तो ओव्हनमध्ये वितळून चिकट होईल अशी धास्ती वाटते. दालचिनीबरोबर जायफळ मात्र घालणारच, सासऱ्यांना आवडतं.

करून पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.