२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे हे हाताने तपासतोय, पण '८' कुठून आला? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुक्काम इंदूर, बँकेतून निवृत्त, गणित बीकॉमपुरतंच.

पुतण्याच्या मोबाइल गेममधली नाणी २१४७४८३६४७ वर येऊन अडली. "काका, हाच आकडा का?" ते कारण सापडलं. गेम तो आकडा ३२ बिटांत, म्हणजे ०-१ च्या ३२ घरांत, ठेवतो. त्यातला एक बिट अधिक-वजा चिन्हाला गेला की उरलेल्या ३१ मध्ये याहून मोठं काही मावत नाही. म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. पण शोधता शोधता कळलं की ही मूळ संख्या आहे, आणि गणितज्ञ ऑयलरने १७७२ सालीच ते दाखवलंय. तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना! मग मलाही खुमखुमी आली.

वर्गमूळ ४६३४० च्या जरासं पुढे. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं तर पावणेपाच हजारांवर भागाकार. माझा कॅल्क्युलेटर आठ आकडी, ही संख्या दहा आकडी, त्यामुळे जुन्या डायरीत हातानेच मांडतोय. रविवारी पोहे-जलेबी गार झाली, त्यावरून घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच.

ऑयलरची पहिली युक्ती पटली. मूळ भाजक 'भ' असेल तर २ च्या घातांना भ ने भागत गेल्यावर दर ३१ पावलांनी बाकी १ येते. फर्माच्या नियमाने भ-१ पावलांनीही १ येते. ३१ स्वतः मूळ, म्हणून ३१ ने भ-१ ला पूर्ण भाग जातो. भ विषम, म्हणून भ म्हणजे ६२ ची पट अधिक १. उरले ७४७ उमेदवार.

पुढे मात्र लिहिलंय की भ ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च यायला हवी. हे कुठून आलं? निम्मे उमेदवार बाद केले आणि भाजक त्यांच्यातच दडला असेल तर? २०४७ (२ चा ११ वा घात वजा १) वर ताडून पाहिलं: २३ गुणिले ८९, बाक्या ७ आणि १. जुळतं, पण एका उदाहरणावर माझा भरवसा नाही. जाणकारांनी समजवावं.

प्रतिसाद १: काका, पायथनमध्ये एका ओळीचं काम आहे.

प्रतिसाद २: ३१ व्या घाताची बाकी १, तर ३२ व्याची २. आणि ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे कुठल्या तरी वर्गाला भ ने भागून बाकी २ उरतेय. हे सगळ्या मूळ संख्यांना जमत नाही. ७ घ्या: ३ चा वर्ग ९, बाकी २. १७ घ्या: ६ चा वर्ग ३६, बाकी २. आता ५ घ्या: बाक्या ०, १, ४ एवढ्याच. ११ घेतलंत तर ०, १, ३, ४, ५, ९, त्यातही २ नाही. विषम मूळ संख्यांत हे फक्त ८ ने भागून १ किंवा ७ उरणाऱ्यांनाच जमतं. त्याची सिद्धता लांब आहे, ती वेगळी लिहितो. तूर्तास भ हा २४८ ची पट अधिक १ किंवा अधिक ६३, एवढं धरून चला.

धागाकर्ता: अहो, ३२ व्या घाताकडे बघायचं सुचलंच नाही! नवी यादी केली. ६३ आणि २४९ मूळ नाहीत, म्हणून पहिला उमेदवार ३११: बाकी ३५. मग थेट १३०३: बाकी २२६. मूळ नसलेले गाळून एकूण ८४ भागाकार. दोन झाले. पायथनवाल्या भाऊंनी कृपया उत्तर फोडू नये.