विषय: शनिवारच्या शाळेचं जेवण, ब्रॉड ॲव्हेन्यूचे कोरियन डबे

प्रेषक: शनिवार शाळा (जेवण)

मंडळी,
या वेळी पिझ्झा नाही, हे ठरलेलंच आहे. पॅलिसेड्स पार्कला ब्रॉड ॲव्हेन्यूवर लाँड्रीला लागून जे बांचानचं, म्हणजे कोरियन तोंडीलावण्यांचं, दुकान आहे, तिथे दुपारचे डबे मिळतात. बाहेरून नुसतं किराण्याचं वाटतं, मेन्यू काउंटरच्या मागे कागदावर लिहिलेला. बिबिम्बाप 9 डॉलर, किंबापचा (समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात) रोल 6. बिबिम्बापच्या डब्यात भात, पाच भाज्या, वर सूप. या भावात आपल्याला कुठे मसाला डोसासुद्धा मिळत नाही.

40 डबे, पैकी 22 शाकाहारी. मांस न घालता देतो म्हणाल्या मालकीणबाई. गुरुवारी रात्रीपर्यंत हरकती कळवा, शुक्रवारी सकाळी ऑर्डर जाईल.

प्रेषक: पॅरामसचे काका

ताई, दुकान उत्तम निवडलंत, पण "मांस नको" एवढ्यावर ऑर्डर देऊ नका. हॅम, माशाचा केक, खेकड्याच्या चवीच्या काड्या यांची गणना तिथे मांसात होतेच असं नाही. नाव घेऊन एकेक नाकारा: हेम, ओमुक, मात्साल. अंडं नको असेल तर ग्येरान. कोरियन लिपीत छापलेली चिठ्ठी द्या, ती स्वयंपाकघरात भिंतीवर लागते. तोंडी निरोप काउंटरवरच राहतो.

हे झालं डोळ्यांना दिसणारं. न दिसणारं जास्त आहे:

किमचीत, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीत, बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. पांढरी, बिनतिखटाची किमचीही त्यातून सुटत नाही. 22 डब्यांत तिच्याऐवजी दानमुजी, म्हणजे पिवळा मुळा, मागा. त्यात मुळा, मीठ, साखर, व्हिनेगर.

सूप घेऊच नका. सोयाबीनच्या पेस्टचं असलं तरी खालचं पाणी बहुधा सुक्या माशांचं.

पालक आणि मोड आलेलं सोयाबीन निर्धोक दिसतं, पण काही ठिकाणी चवीला माशाचा सॉस किंवा दाशिदा (चवीची तयार पूड) घालतात. दाशिदाची नेहमीची पूड गोमांसाच्या अर्काची असते. नुसतं मीठ, लसूण, तिळाचं तेल चालेल असं चिठ्ठीत लिहा. 22 डब्यांची भाजी वेगळ्या भांड्यात कालवायला दहा मिनिटं लागतात, आदल्या दिवशी सांगितलं तर कोणीही करून देईल.

प्रेषक: खजिनदार

जेवणाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पैसे कोण देणार ते आधी ठरवा. तयार जेवणावर न्यू जर्सीत 6.625 टक्के विक्रीकर लागतो. 40 डब्यांचे 360 डॉलर, वर 23.85. आपल्याकडे एसटी-5, म्हणजे संस्थेचं करमाफीचं प्रमाणपत्र, आहे, ते दाखवलं की हा कर लागत नाही. मात्र पैसे मंडळाच्या खात्यातून गेले पाहिजेत. स्वतःच्या कार्डावर घेऊन नंतर पावती पाठवली तर सूट बसत नाही, हे दिवाळीच्या वेळीही लिहिलं होतं. दुकान फक्त रोख घेत असेल तर मंडळाचा चेक चालेल का ते विचारा. चेकबुक माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील.

प्रेषक: टीनेकच्या वहिनी

काका, लसूण चालेल हे कोणी ठरवलं? चार घरं कांदा-लसूण खात नाहीत, त्यांची यादी दर वर्षी मीच देते. त्यांचे डबे वेगळे सांगा. कोरियन बौद्ध मठांच्या स्वयंपाकात लसूण आणि कांद्याच्या जातीच्या भाज्या वर्ज्यच आहेत, त्यामुळे मागणी तिथे नवीन वाटणार नाही. (तिथल्या पाच वर्ज्य पदार्थांमध्ये हिंगही धरतात. आपण लसणाऐवजी हिंग घालतो, ते दोन्ही टाळतात.) "मठासारखं" म्हटलं की लगेच समजतं. भाजी कमी पडली तर माझ्याकडून गाजर-काकडी येईल. पण वाढायच्या टेबलाची मांडणी माझीच, सामिष चमचा इकडे यायला नको.

प्रेषक: फोर्ट लीहून

वहिनी, टेबल तुमचंच. मला भाताची काळजी आहे.

मुलांसाठी किंबाप घेणार असाल तर सकाळी आणून हॉलच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. भात फ्रिजच्या थंडीत लवकर कडक होतो, रोल कापला की दाणे सुटे पडतात. पण बाहेर तरी किती ठेवणार? शिजलेला भात दोन तासांच्या वर नको, गाडीत उन्हात असेल तर एकच तास. म्हणून पावणेबाराला उचलायचं, साडेबाराला पान वाढायचं. रोल दुकानातच कापून घ्या, आणि शाकाहारी रोल आधी वळायला सांगा, म्हणजे सुरी आणि चटई स्वच्छ असते. आत गाजर, पालक, दानमुजी, परतलेलं टोफू. गोडसर तळलेल्या टोफूच्या पिशव्या, युबू, नकोत. तयार पाकिटातल्या युबूत पुष्कळदा माशाचा अर्क असतो.

उरलेलं घरी नेणाऱ्यांनी तुकडे अंड्यात बुडवून तव्यावर परतावेत. अंडं न खाणाऱ्यांनी ओला कागदी रुमाल झाकून अर्धा मिनिट मायक्रोवेव्ह करावेत.

प्रेषक: शनिवार शाळा (जेवण)

चिठ्ठी छापते. किंबाप 12 रोल, सगळे शाकाहारी, म्हणजे दोन प्रकार सांभाळायला नकोत. खजिनदार, त्याचे 72 धरून 432 होतात, एका चेकनं द्या. लाल सॉसचं कोणीच लिहिलं नाही?

प्रेषक: पॅरामसचे काका

सॉस दुकानाचा नको. काही जण गोचुजांगमध्ये, म्हणजे आंबवलेल्या लाल मिरचीच्या पेस्टमध्ये, खिमा परतून घालतात, आणि लाल रंगात तो दिसत नाही. 500 ग्रॅमचा एक डबा 40 जणांना पुरतो: चार चमचे गोचुजांगला दोन तिळाचं तेल, एक साखर, एक व्हिनेगर, दोन पाणी. माणशी दीड चमचा. बाजारच्या बऱ्याच गोचुजांगमध्ये गहू असतो, तेव्हा ग्लूटेन न चालणाऱ्या दोन मुलांसाठी लेबल पाहून वेगळा छोटा डबा आणा. आणि वहिनी, चार घरांसाठीसुद्धा लेबल वाचा, काहींमध्ये लसूण-कांद्याची पूड असते.

प्रेषक: खजिनदार

432 वर कर 28.62. चेक शनिवारी साडेअकराला हॉलच्या मागच्या दारापाशी मिळेल. एसटी-5 ची प्रत सोबत असेल, ती दुकानात ठेवायची आहे.