मदत हवी आहे: एलपीएस न देताच मोनोसाइट पेशींत टीएनएफचा एमआरएनए चढतोय

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे आणि दोन महिने एकाच जागी अडकले आहे.

रक्तातून पीबीएमसी (एककेंद्रकी पांढऱ्या पेशी) वेगळ्या करते, त्यातल्या मोनोसाइट प्लेटला चिकटल्या की एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला, पेशींना चेतवणारा पदार्थ) देते. प्लेटच्या अर्ध्या वेलमध्ये (खाचांत) सोबत आयएल-१० हे दाह शमवणारं प्रथिन असतं. दीड तासाने ट्रायझॉलने आरएनए काढते, मग क्यूपीसीआरने मोजते. एलपीएसने टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचा एमआरएनए (जीनची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) उसळतो, आयएल-१० ने खाली येतो. इथवर ठीक. पण नुसत्या मीडियमवरच्या कंट्रोल पेशींत टीएनएफचा सीटी (कितव्या सायकलला तो दिसू लागतो तो आकडा; कमी म्हणजे एमआरएनए जास्त) कधी ३१ येतो, तर कधी २५. दर सायकलला दुप्पट, म्हणजे सहा सायकलला तब्बल ६४ पट!

काल वही चाळली. २५ आला त्या दोन्ही दिवशी रक्त चार तास टेबलावर पडून होतं, आणि फायकॉलनंतर (पेशी वेगळ्या करणारं द्रावण) पेशींचा पांढरा थर धूसर, लालसर दिसला होता. ३१ च्या दिवशी रक्त आल्याआल्या कामाला लागले होते. मोनोसाइट फार हळव्या, नुसत्या प्लास्टिकला चिकटल्या तरी जाग्या होतात हे माहीत आहे. पण एवढ्या? की मीडियममधल्या सीरममध्येच एंडोटॉक्सिन (म्हणजे एलपीएसच) आहे?

तुलनेसाठी स्थिर धरतात त्या जीएपीडीएच जीनवरही माझा आता भरवसा नाही. एलपीएसने ग्लायकोलिसिस वाढतं, त्याबरोबर तोही हलतो. बी२एम घ्यावा तर तो इंटरफेरॉनने चढतो. तुम्ही कोणता जीन धरता?

मला खरं शोधायचंय ते वेगळंच. आयएल-१० मुळे एमआरएनए कमी तयार होतो, की तयार झालेला लवकर तुटतो? टीएनएफच्या एमआरएनएच्या ३' टोकाकडे एयू-बहुल (ए आणि यू अक्षरांनी भरलेला) पट्टा असतो. ट्रिस्टेट्राप्रोलिन हे प्रथिन तिथे बसलं की त्या एमआरएनएचं आयुष्य आटतं. एलपीएस दिल्यावर पी३८ आणि एमके२ ही एन्झाइमं त्या प्रथिनाला फॉस्फेट लावून रोखून धरतात. उलट आयएल-१० स्टॅट३ (जीन चालू करणारं प्रथिन) मार्फत तेच प्रथिन वाढवतं. १९९६ मध्ये हे प्रथिन नसलेल्या उंदरांना सांधेदाह झाला आणि टीएनएफविरोधी अँटिबॉडीने तो टळला, हे वाचलं तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे.

त्यासाठी ॲक्टिनोमायसिन-डी (नवा एमआरएनए बनणं थांबवणारं औषध) देऊन ०, १५, ३०, ६० मिनिटांना पेशी उचलणार आहे. पण कंट्रोलच असा डोलत असेल तर अर्धायुष्य कशाच्या तुलनेत सांगू?

चिकटवल्यावर पेशींना रात्रभर विसावू द्यावं का? की चिकटवणं सोडून चुंबकीय मणी लावून निवडाव्यात, तेही सीडी१४ ला (मोनोसाइटवरचं, एलपीएस ओळखणारं प्रथिन) हात न लावता? दात्यांनी आपणहून दिलेलं रक्त दोनदा वाया गेलंय, त्याची फार बोच आहे. पुढचा दाता गुरुवारी येतोय, त्याआधी कुणी सांगू शकेल का?