चिऱ्याच्या घरात वायफाय: डायरेक्शनल अँटेना कोणता? (बजेट १५००)

पडवीवाला: गुहागरला चिऱ्याचं जुनं घर. राउटर ओटीवर, काम मागच्या पडवीत. अंतर ४० फूट, मध्ये माजघराच्या दोन भिंती. पडवीत २.४ गिगाहर्ट्झवर सिग्नल उणे ७८ डीबीएम, म्हणजे अशक्तच; ५ गिगाहर्ट्झ पोचतच नाही. राउटरचे दोन्ही अँटेने निघतात. पॅच (चपटा अँटेना) घेऊ की यागी (आडव्या काड्यांची लांब)?

खाडीकाठ: मेश घ्या, म्हणजे आपसांत वायफायने बोलणारे राउटर. दोनचा संच, कटकट नाही.

चिरेबंदी: बजेट १५०० लिहिलंय हो. आणि मेशचे डबे तरी बोलणार त्याच भिंतींतून ना?
यागी नको. ती मोकळ्या माळावर शोभते. घरात सिग्नल भिंतींवर, पत्र्यावर, गोदरेजच्या कपाटावर आपटून चहूकडून येतो. यागीचा झोत जेमतेम ३० अंशांचा, त्यातलं बरंचसं हुकतं आणि खोक्यावरचा १४ डीबीआय (झोताच्या दिशेने वाढणारा जोर) हाती लागत नाही. ८ डीबीआयचा पॅच घ्या, ६०-७० अंश उघडतो. नेम भिंतीवर नाही, मधल्या दारावर धरा. जोडीच घ्या, एक उभा, एक आडवा. एकच बदललात तर मायमो (दोन्ही अँटेन्यांनी एकदम डेटा नेणं) लंगडं होतं.

कौलारू: केबलचं कोणी बोलत नाही! अँटेन्याच्या आरजी-५८ केबलला २.४ वर मीटरमागे साधारण १ डीबी जातो. पाच मीटर ओढलीत तर ८ चे ३ उरले, म्हणजे राउटरचा आहे तो दांडाच बरा. मीटरभराच्या वर नको. कनेक्टर आरपी-एसएमए (उलट्या पिनेचा) बघून घ्या. साधा एसएमए आणलात तर पिनेला पिन भिडते.

माडाखाली: चिरा पाणी पितो. आत्ता मोजून उपयोग नाही, आषाढात मोजा.

चिरेबंदी: ते बाहेरच्या भिंतींचं. माजघराच्या भिंती आतल्या.

माडाखाली: जुलैत गुहागरात कोरडी भिंत दाखवा. ओल जोत्यातून चढते.

खाडीकाठ: म्हणून म्हणतो, मेश.

कौलारू: खरं तर माळ्यावरून २० मीटर कॅट-६ नेटवर्क वायर टाका, टोकाला जुना राउटर. त्याचं डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणं) बंद, आयपी वेगळा, वायर लॅन पोर्टात, चॅनेल १, ६, ११ पैकी दुसरं. वायर घराबाहेरून नेऊ नका, विजांच्या दिवसांत पोर्ट जळतात.

पडवीवाला: माळ्यावर उंदीर, वायर टिकायची नाही. यागी मागवली. पडवीतल्या कॉम्प्युटरच्या यूएसबी वायफाय अडॅप्टरला लावतो, फोनला उपयोग नाही झाला तर राहिला.

चिरेबंदी: झालं! मग निदान उभी-आडवी फिरवून बघा, आणि दोन-दोन सेंमी सरकवत मोजा. लहर १२.५ सेंमीची आहे, सहा सेंमीत सिग्नल पडून परत चढतो.