भूतानचा खर्च नेमका चालतो कशावर?

भटक्या_सातारकर:
दिवाळीनंतर पारो-थिंफू ठरतंय. एजंट म्हणाला पैसे बदलायची भानगड नको, तिकडे आपला रुपया चालतो, त्यांचं चलन ङुलत्रुम आणि रुपया एकास एक. लोकसंख्या आठ लाखाच्या आत, म्हणजे सोलापूर शहराहून कमी, मोठे कारखाने फारसे ऐकिवात नाहीत, टुरिस्टकडून तर यायच्या आधीच पैसे काढतात, आपल्याकडून रात्रीचे १२०० रुपये आणि बाकी फॉरेनरकडून १०० डॉलर. तेवढ्यावर देश चालतो होय? का सगळं भारतच पुरवतो? भूतान म्हणजे सुखी देश असले हॅपिनेसचे फॉरवर्ड नकोत प्लीज, पैशाचं बोला.

वायरमन_अण्णा:
वीज विकतात हो. चुखा जलविद्युत प्रकल्प ३३६ मेगावॅट, ऐंशीच्या दशकातला, पैसा भारताचा, ६० टक्के अनुदान नि ४० टक्के कर्ज. मग ताला १०२० मेगावॅट, २०१९ ला मांगदेछू ७२०, त्यात मात्र अनुदान ३० टक्क्यांवर आलं आणि बाकी कर्ज. पावसाळ्यात नद्या फुगल्या की जास्तीची वीज आपल्या ग्रीडला येते. पण कोयनेसारखा मोठा साठा नाही, बरेचसे प्रकल्प वाहत्या पाण्यावर, त्यामुळे हिवाळ्यात पाणी आटलं की तेच आपल्याकडून वीज विकत घेतात. पुनात्सांगछू-१ तर २०१३ ला डोंगर सरकला तेव्हापासून रखडलंय.

मंजिरी_के:
अण्णा बरोबर, पण एकास एकची गंमत वेगळीच आहे. ङुलत्रुम १९७४ ला आला तेव्हापासून रुपयाला बांधलेला. आता रुपया काय त्यांना छापता येत नाही, तो कमवावाच लागतो, आणि डिझेल, तांदूळ, गाड्या सगळं आपल्याकडून घेतात त्यामुळे वीज विकून आलेला रुपया तसाच परत इकडे येतो. २०१२ ला रुपयाच कमी पडला तर गाड्यांची आणि घरांची कर्जं बंद केली होती. २०२२ ला परकीय चलन वाचवायला परत गाड्यांच्या आयातीवर बंदी.

भटक्या_सातारकर:
मग कर्जात बुडालेत की! श्रीलंकेसारखं दिवाळं निघणार का?

मंजिरी_के:
आकडा बघितला तर घाबरायला होतं, कर्ज जीडीपीच्या १०० टक्क्यांवर. पण त्यातलं निम्म्याहून जास्त भारताचं, रुपयात, धरणांसाठी घेतलेलं, आणि धरण वीज विकून आपला हप्ता काढतं. श्रीलंकेचं दुखणं डॉलरमधल्या कर्जाचं होतं.

पर्थकर_जोशी:
माझ्या मते खरी अडचण कर्ज नाहीच, नोकऱ्या आहेत. धरण बांधताना हजारो माणसं लागतात, त्यातली बरीचशी भारतातून आलेली, आणि एकदा सुरू झालं की मूठभर इंजिनिअर पुरतात. शिकलेल्या पोरांनी करायचं काय? आमच्या इथे ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये इतके भूतानी आलेत, विद्यार्थी व्हिसावर नवरा-बायको दोघं, तिकडे सरकारी शाळेत शिकवणारी बाई इकडे वृद्धाश्रमात शिफ्ट करते कारण पगारात जमीन-अस्मानाचा फरक. सरकार हातपाय मारतंय, सरकारी कंपनी स्वतःच्या विजेवर बिटकॉइन मायनिंग करते, म्हणजे कॉम्प्युटर चालवून ते आभासी चलन कमावते, आसामच्या सीमेला लागून गेलेफूला नवं शहर काढायचंय. वीज तशीच विकण्यापेक्षा बरं म्हणायचं, पण बिटकॉइनवर देशाचा पैसा लावणं मला तरी झेपत नाही.

वायरमन_अण्णा:
सातारकर, ते रोजचे १२०० पॅकेजमध्ये धरलेत का ते एजंटकडून लिहून घ्या. आणि हातात ङुलत्रुमची मोड आली तर तिकडेच संपवा, सीमेवरचं जयगाव सोडलं तर इकडे कोणी हात लावत नाही.